ओळीशेजारचं टिंब

युरोपाच्या उत्तरेकडच्या ओस्केर बेटाच्या धक्क्यावर उतरलं की सगळ्यांत आधी एक पाटी दिसते. ‘इथे प्लेग हरला.’ खाली साल, १७११. पाटी नवी आहे, रंग अजून उडालेला नाही, आणि उन्हाळ्यात तिच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते की बोटीतून सामान उतरवणारे वैतागतात. सप्टेंबर २०७६ मधल्या त्या सकाळी मात्र टपालबोटीतून एकच प्रवासी उतरली. डॉ. वैजयंती पिसाळ, मूळ गाव कराड, वय बेचाळीस, हुद्दा अक्षर-तपासनीस. तिनं पाटी वाचली, आसपास कोणी नाही याची खात्री केली आणि स्वतःही पाटीसमोर उभी राहून एक फोटो काढून घेतला. तिला तेवढा अधिकार होता. इथे प्लेग हरला हे जगाला तिनंच सांगितलं होतं.

अक्षर-तपासनीस हे काय प्रकरण आहे ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण तीन अब्ज रासायनिक अक्षरांचा एक मजकूर असतो. शरीर कसं बांधायचं आणि कसं राखायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. राखण्याचं काम प्रतिकारशक्तीचं. ही प्रतिकारशक्ती म्हणजे दारात बांधलेला कुत्रा समजा. चोर आला की त्यानं भुंकावं, चावावं. काही माणसांच्या मजकुरात एखादं अक्षर असं असतं की त्यांचा कुत्रा जास्तच तिखट निघतो. चोराचिलटांच्या काळात असा कुत्रा असलेलं घर सुखी. पण पुढे चोर येईनासे झाले, नळाला स्वच्छ पाणी आलं, लशी आल्या, आणि रिकामा बसलेला कुत्रा घरातल्याच पोरांना चावायला लागला. शरीरानं स्वतःवरच केलेल्या या हल्ल्याला डॉक्टर स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. कुणाचे सांधे सुजतात, कुणाचं आतडं सोलवटतं, तर कुणाच्या मज्जातंतूंवरचं वेष्टण खाल्लं जातं.

युरोपात अशी अक्षरं गावागणिक वेगळी आहेत. उत्तरेकडे मज्जातंतूंचे आजार अधिक, दक्षिणेतल्या काही बेटांवर लहान मुलांचा मधुमेह अधिक. एकविसाव्या शतकाच्या मध्यावर या सगळ्यांचा एक मोठा नकाशा तयार झाला. कुठल्या खोऱ्यात कुठलं अक्षर किती लोकांत आहे आणि ते कुठला दाह पेटवतं, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असे. त्याचं नाव दाहनकाशा. त्याच सुमारास पेशीतलं एखादं अक्षर खोडून दुसरं लिहिण्याची विद्याही हाती आली, आणि लोक नको असलेली अक्षरं भराभर खोडायला लागले.

मग एका डोंगरी खोऱ्यात आक्रीत घडलं. तिथल्या लोकांनी आतड्याच्या दाहाचं एक अक्षर पुसून टाकलं, आणि सहा वर्षांनी आलेल्या एका किरकोळ तापात त्या खोऱ्यातली निम्मी मुलं गेली. ज्या अक्षराला शत्रू समजलं, ते त्यांचं राखणदार होतं. तेव्हापासून कायदा झाला. एखाद्या अक्षरानं जुन्या साथीत माणसं वाचवल्याचा पुरावा असेल, तर ते ‘राखीव अक्षर’. ते कुणाच्याही शरीरातून खोडायचं नाही, कारण तशी साथ पुन्हा येऊ शकते. पुरावा तपासणारे ते अक्षर-तपासनीस.

ओस्केरचं अक्षर वैजयंतीनं राखीव ठरवलं होतं. त्या अक्षरामुळे बेटावर एक वाईट आजार होता. त्याला ओस्केरचा दाह म्हणत. लहान मुलांना होई. आधी एक डोळा अंधुक व्हायचा, मग पाय लटपटायचे. पहिल्या दोन झटक्यांतून मूल उठायचं, तिसऱ्यातून फारसं कोणी उठत नसे. पण बेटाच्या चर्चमधली जन्मनोंदीची वही काही वेगळंच सांगत होती. प्लेगच्या आधी बेटावर दहा वर्षांखालची चौसष्ट मुलं होती. त्यांतली एकतीस अक्षराच्या घरांतली. जुन्या थडग्यांतल्या हाडांवरून आणि आजच्या वंशजांवरून ती घरं ओळखता आली होती. या एकतीस मुलांपैकी सत्तावीस साथीनंतर जिवंत होती. उरलेल्या तेहेतीस मुलांपैकी फक्त बारा. इतका स्वच्छ पुरावा दाहनकाशाच्या इतिहासात दुसरा नव्हता. वैजयंतीचा अहवाल सगळीकडे शिकवला जाऊ लागला.

२०६९ मध्ये बेटावरून पहिला अर्ज आला. लिन्नेआ नावाची पाच वर्षांची मुलगी, आजाराचे दोन झटके, अक्षर बदलून मिळावं. वैजयंतीनं नियमाप्रमाणे तो नाकारला. त्यानंतर कित्येक दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत बेटावरची वार्षिक नोंद कार्यालयात आली. तिच्यात लिन्नेआच्या नावापुढे शब्द होता, ‘निरोगी’. वैजयंती खुर्चीवरून उठून खिडकीशी गेली आणि चक्क रडली. पोर आपोआप बरी झाली होती. म्हणजे अक्षर जिवावर उठतंच असं नाही! तिनं ती नोंद अहवालाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातली, व्याख्यानांत सांगितली.

आता सात वर्षांनी त्याच नावानं पुन्हा अर्ज आला होता. डोळा पुन्हा अंधुक, पुन्हा दोन झटके. आई मारित हिनं अर्जात एक ओळ जास्तीची लिहिली होती. तपासणीला डॉ. पिसाळ यांनाच पाठवावं. वैजयंतीला त्याचं बरं वाटलं. बेटावर आपलं नाव आहे, असं तिला वाटलं.

निकालाआधी अर्जदाराला भेटायचं नाही, असा नियम होता. म्हणून ती धक्क्यावरून थेट चर्चमध्ये गेली.

चर्चची वही सांभाळणारी हेडविग अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हातात कायम विणकाम आणि कपाळाला कायम आठी. वैजयंतीच्या कानात दुभाष्या होता, बोलणाऱ्याचं बोलणं तत्क्षणी मराठीत सांगणारं शेंगदाण्याएवढं यंत्र. हेडविगचं तिरसट बोलणं ते बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात सांगे, त्यामुळे वैजयंतीला मधूनच हसू येई.

“मागच्या वेळी तुम्ही आला नव्हतात,” हेडविग म्हणाली.

“मागच्या वेळी वहीची छायाप्रत मागवली होती. आमच्याकडे सफाईप्रणाली आहे. जुन्या कागदावरचे शाईचे ठिपके, ओल, किड्यांची भोकं, सगळं काढून प्रत स्वच्छ करते. मूळ कागदापेक्षा छान वाचता येतं.”

“असेल बुवा. आमच्याकडे चष्मा आहे.”

वैजयंती आपली स्वच्छ प्रत घेऊन बसली. सत्तावीस आणि बारा पुन्हा मोजले. बरोबर होते. घरांची यादी पुन्हा जुळवली. बरोबर होती. प्लेगच्या सात महिन्यांत दफनाच्या नोंदी नव्हत्या. पाद्रीच मेला होता, लिहिणार कोण? साथीआधी वहीत असलेली आणि साथीनंतर मोठी होऊन लग्न केलेली, मुलंबाळं झालेली माणसं म्हणजे वाचलेली माणसं, हा हिशेब साधा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला कुठेही खोट सापडली नाही. खोट सापडावी असं तिला वाटत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. तपासनीसानं काही वाटून घ्यायचं नसतं.

एकच गोष्ट खटकली. आजवर तिनं कोण मेलं आणि कोण जगलं एवढंच पाहिलं होतं. आता सहज, वेळ होता म्हणून, साथीनंतर कोण जन्मलं ते पाहिलं. बंदरावरच्या, म्हणजे अक्षर नसलेल्या घरांत बाळं जन्मत होती. अक्षराच्या घरांत तीन वर्षं एकही जन्म नव्हता. आयाबाप तरुण, घरं धडधाकट, आणि पाळणा एकाही घरात हलला नाही.

चर्चच्या आवारात बाकावर बसून डबा खाताना तिनं कराडला अण्णांना फोन लावला. तिचे वडील अण्णा पिसाळ हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. लेक युरोपात नक्की काय करते, हे त्यांना अर्धंच कळत होतं, पण उत्सुकता पुरेपूर होती.

“जेवलीस का गं वैजू?”

“जेवतेय. अण्णा, एक कोडं आहे.” तिनं थोडक्यात सगळं सांगितलं. “त्या अक्षरामुळे प्लेगनंतर बायकांची गर्भधारणाच बंद होत असेल का? म्हणजे वाचायचं, पण तीन वर्षं मूल नाही. तसं असेल तर तो मोठाच शोध होईल.”

अण्णा म्हणाले, “तुझं रजिस्टर खोटं हाय.”

“अण्णा! तीनशे पासष्ट वर्षांपूर्वीची वही आहे ती.”

“असंल की. मी बत्तीस वर्षं जनरल रजिस्टर लिवलंय, मला नको शिकवूस. अगं, प्लेग येऊन गेलाय, घरं अर्धी झाल्यात. अशा टायमाला बाया मोकळ्या बसत न्हाईत. पोर गेलं की वर्सा-दीड वर्सात दुसरं येतंय. माझ्या आज्ज्याचं नाव दगडू का ठेवलं, ठावं हाय का तुला?”

“त्यांच्या आधीचे भाऊ गेले म्हणून.”

“दोन गेले. एक देवीनं, एक हगवणीनं. मग ह्यो झाला. थोरल्यांची नावं पुन्हा घ्यायची कुणाची छाती व्हईना. म्हनून दगडू. दगडाला कोन उचलून नेतंय? आमच्या जुन्या रजिस्टरात बघ, दगडू, धोंडू, केरू, सगळी मागनं आलेली. तुझ्या वहीत साथीनंतर असली नावं गावत्यात का बघ.”

“इथे तसली नाहीत. इथे नावं तीच तीच. कारिन, लार्स, ब्रिता. पुढच्या-मागच्या सगळ्या पानांवर तीच…” वैजयंतीचा घास हातात राहिला.

“तीच म्हंजे?” अण्णांनी विचारलं.

“ठेवते अण्णा. संध्याकाळी करते.”

हेडविग पायमोज्याची टाच विणत होती. वैजयंतीनं तिला मूळ वही दाखवायला सांगितली. कागदाची, कपाटातली.

“इतके दिवस लागले मागायला,” हेडविग म्हणाली आणि किल्ली शोधायला उठली.

वही जाड होती आणि तिला मेणबत्त्यांचा वास येत होता. प्रत्येक घराला एक पान, प्रत्येक मुलाला एक ओळ. वैजयंतीनं आपली स्वच्छ प्रत शेजारी धरली आणि बोट फिरवत गेली. ओल्स्गोर्डचं घर. कारिन, जन्म १७०७. दोन्हीकडे तेच. फक्त कागदावर कारिनच्या नावाशेजारी एक टिंब होतं. मोहरीच्या दाण्याएवढं, काळं. प्रतीत ते नव्हतं. खाली लार्स, टिंब. ब्रिता, टिंब नाही. पुढच्या पानावर दोन टिंबं.

“हे काय आहे?”

“दुसरी आहे ती.”

“दुसरी काय?”

“दुसरी कारिन,” हेडविग म्हणाली. आपण काही विशेष सांगतोय असं तिला वाटत नव्हतं. “पहिली गेली. मग दुसरी झाली. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देतात. ओळ तीच. ओळ मोडायची नाही, नवी लिहायची नाही. शेजारी टिंब काढायचं.”

“आणि जन्मतारीख?”

“पहिल्याचीच राहते. ओळीला एकच तारीख असते.”

वैजयंतीनं वहीतून मान वर केली. “तुम्ही हे मागच्या वेळी का सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुमचं पत्र आलं, वहीत अमुक साली किती नावं चालू होती ते कळवा. मी कळवलं. चालूच होती ती. कारिनची ओळ १७६० पर्यंत चालली.”

सफाईप्रणालीनं टिंबं शाईचे डाग समजून पुसली होती. तिचं ते कामच होतं. वैजयंतीनं पेन्सिल घेतली. हेडविग विणकामाच्या सुईनं एकेक ओळ दाखवू लागली आणि दोघी मोजत गेल्या. सत्तावीस ‘वाचलेल्या’ मुलांपैकी एकोणीस जणांशेजारी टिंब होतं. एकोणीस मुलं प्लेगात मेली होती आणि त्यांच्या जागी, त्यांच्याच नावानं, दुसरी एकोणीस जन्मली होती. खरोखर वाचलेली फक्त आठ. एकतीसपैकी आठ. बंदरावरच्या घरांत तेहेतीसपैकी बारा.

“थांबा,” वैजयंती म्हणाली. “बंदरावरच्या घरांत एकही टिंब कसं नाही?”

“ती बाहेरून आलेली. त्यांच्यात ही चाल नव्हती. मेलेल्याचं नाव पुन्हा ठेवायला घाबरायची ती.”

“आमच्यासारखीच,” वैजयंती पुटपुटली.

आता सगळं उलगडलं. जुन्या बेटकऱ्यांच्या घरांत दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या बरोबर चालत आल्या होत्या, रक्तातलं अक्षर आणि नाव पुन्हा ठेवण्याची चाल. मुलं ‘जगली’ होती ती चालीमुळे, आणि श्रेय मिळालं अक्षराला. खरं तर अक्षरानं माणसं जास्तच मारली असावीत. तिखट कुत्र्यानं चोराबरोबर घरालाही फाडलं असणार.

“मग ते अक्षर इतकं पसरलं कसं?” हेडविगनं विचारलं. तिची सुई पहिल्यांदाच थांबली होती. “वाईट गोष्ट आपोआप नाहीशी व्हायला पाहिजे ना?”

“व्हायला पाहिजे. पण जिथे मूल गेलं तिथे आईबापांनी लगेच दुसरं आणलं. आईबाप तेच, म्हणजे त्याही बाळात ते अक्षर असण्याची शक्यता तेवढीच. एखादं अक्षराशिवाय निघालं तर जगायचं. एखाद्यात अक्षर असूनही ते झोपून राहायचं. ते मूल मोठं व्हायचं, लग्न करायचं आणि अक्षर पुढे द्यायचं. घरातल्यांनी रिकामी जागा रिकामी राहू दिली नाही, म्हणून ते अक्षर टिकलं.”

हेडविगनं खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं. “ती पाटी तुमच्या अहवालानंतर लागली. त्याआधी इथे कोणी असं म्हणत नसे. आम्हाला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, त्यांना जास्त कळत असेल.”

पण वैजयंतीचं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. अक्षर राखीव राहत नाही! लिन्नेआचं अक्षर बदलता येईल. मुख्य भूमीवरच्या इस्पितळात आठ दिवसांचं काम. तिसऱ्या झटक्याच्या आत झालं की झालं. तिनं तिथेच निकाल लिहिला. ओस्केरवर कायदेशीर दस्तऐवज कागदावरचाच लागे, म्हणून परवानगीचा छापील कागद भरला; सही तेवढी अर्जदारासमोर करायची होती. निकाल झाला होता, आता भेटायला हरकत नव्हती. टपालानं कळवायचं तिच्या जिवावर आलं. इतक्या वर्षांत तिला गोड बातमी सांगायची संधी मिळाली नव्हती.

मारितचं घर मासे धुरी देऊन सुकवण्याच्या खोपटाशेजारी होतं. वैजयंतीनं दार वाजवलं. कार्यालयाच्या कागदाप्रमाणे लिन्नेआ बारा वर्षांची होती. वाटेत तिनं ठरवलं होतं की आधी मुलीशीच बोलायचं, बाराव्या वर्षी सगळं समजतं.

दार एका चिमुरडीनं उघडलं. पुढचे दोन दात पडलेले, एका डोळ्यावर कापडी पट्टी.

“लिन्नेआ आहे का घरात?”

“मीच लिन्नेआ.”

“तू? किती वर्षांची आहेस तू?”

“सहा. ऑगस्टमध्ये झाले.”

वैजयंती उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं आकडे मनात उलटसुलट मांडून पाहिले आणि ते लगेच जुळले. ते जुळू नयेत असं तिला फार वाटलं.

मारित मागून आली, हात फडक्याला पुसत. तिच्या अंगाला धुराचा वास होता. “तुम्ही डॉक्टर पिसाळ ना? आत या.”

“पहिली लिन्नेआ…” वैजयंती म्हणाली.

“जानेवारी २०७० मध्ये गेली. समुद्र गोठला होता, बोट बंद. तिसरा झटका आला. ही तेव्हा माझ्या पोटात दोन महिन्यांची होती. ऑगस्टमध्ये झाली. हेडविगनं ओळीशेजारी टिंब काढलं. शरद ऋतूत वहीची प्रत तुमच्याकडे गेली. त्याच आठवड्यात फिरता दवाखाना आला, हिला तपासून गेला. निरोगी आहे म्हणाले.”

दोन वार्षिक प्रतींच्या मधल्या महिन्यांत एक लिन्नेआ गेली होती आणि एक आली होती, आणि कार्यालयाला ओळ तेवढी दिसली. ज्या नोंदीवर वैजयंती खिडकीशी उभी राहून रडली होती, ती दोन महिन्यांच्या तान्ह्या बाळाची होती. तीच तिनं सहा वर्षं व्याख्यानांत सांगितली होती.

ती बसली. मग तिनं सगळं सांगितलं. वही, टिंबं, एकतीसपैकी आठ. अक्षर राखीव नाही, कधीच नव्हतं. परवानगीचा कागद आणला आहे, असं म्हणत तिनं तो टेबलावर ठेवला. मारित ऐकत होती. लिन्नेआ आईच्या मांडीला टेकून वैजयंतीच्या कानातल्या यंत्राकडे टक लावून पाहत होती.

“म्हणजे हिचं होईल?” मारितनं विचारलं.

“होईल. पुढच्या बोटीनं निघा.”

मारितनं मुलीला घट्ट धरलं. मग ती मान वर न करता म्हणाली, “तिचंही झालं असतं.”

वैजयंतीनं हो म्हटलं.

“तेव्हाच्या कागदावर तुमची सही होती.”

“हो. मीच नाकारला अर्ज. माझी चूक झाली. तेव्हा मी इथे यायला हवं होतं. तुम्हाला हे माहीत असताना तुम्ही मलाच का बोलावलंत?”

मारितला प्रश्नाचं नवल वाटलं. “आमच्याकडे तशीच रीत आहे. एकदा बिनसलं की नवी ओळ काढत नाहीत. त्याच ओळीत पुन्हा लिहितात.” तिनं टेबलावरचा कागद वैजयंतीकडे सरकवला. “करा सही.”

वैजयंतीनं सही केली. सात वर्षांपूर्वी केली होती तीच, त्याच वळणाची. पेन खाली ठेवणार तोच लिन्नेआनं तिच्या बाहीला हात लावला.

“टिंब राहिलं,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा लिहिलं की टिंब काढायचं. नाहीतर पहिलं होतं ते कोणाला कसं कळणार?”

वैजयंतीनं सहीशेजारी टिंब काढलं. मोहरीच्या दाण्याएवढं, काळं. लिन्नेआनं एका डोळ्यानं ते नीट पाहिलं आणि मान डोलावली.

मग वैजयंतीनं वहीच्या सगळ्या पानांची मूळ छायाचित्रं आणि एक लांब पत्र कार्यालयाला धाडलं. दाहनकाशावरची दोनशे बारा राखीव अक्षरं अशाच स्वच्छ केलेल्या वह्यांवरून ठरली आहेत, त्या सगळ्यांचे मूळ कागद पुन्हा पाहा, आणि तोवर एकही अर्ज नाकारू नका, असं तिनं लिहिलं. शेवटी परवानगीच्या कागदावर फोन धरून त्याची प्रत पाठवली. क्षणभरात उत्तर आलं. कानातल्या दुभाष्यानं ते बातम्यांच्या प्रसन्न आवाजात वाचून दाखवलं.

“आपले कागद मिळाले. परवानगी ग्राह्य आहे. सहीशेजारी एक डाग होता आणि वहीच्या पानांवर एकशे चार डाग होते, ते काढून टाकले आहेत. नवी प्रत जुन्या प्रतीशी तंतोतंत जुळते.”